खंडेरावाचा पहारा

खंडेरावाला कशाचा संशय आला नाही, असा दिवस धनगरवस्तीवर उगवत नसे. शेळी शिंकली तरी ती कुणाच्या बांधावरचं काय खाऊन आली, याचा तपास तो दुपारपर्यंत लावायचा. दोष त्याचा नव्हता, धंद्याचा होता. सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. कळपातलं एक कोकरू मागं राहिलं तर न मोजता त्याला कळायचं. पुढं शेंद्र्याला कारखाने आले, चराईचा माळ तारेच्या कुंपणात गेला, मेंढरं विकली आणि दारात चार शेळ्या तेवढ्या उरल्या. नजर मात्र विकता आली नाही. ती तशीच राहिली, आणि तिला रिकामं बसवेना.

तशात २०१९चा उन्हाळा आला. वस्तीच्या विहिरीनं आदल्या सालासारखाच तळ दाखवला. टँकर सकाळी यायचा, पाइप विहिरीत सोडून सगळं पाणी तिच्यातच ओतायचा आणि निघून जायचा. मग वस्तीच्या बाया काठावर वाकून तेच पाणी दोर-पोहऱ्यानं पुन्हा वर शेंदायच्या. वर आणलेलं पाणी खाली ओतायचं आणि खालचं पुन्हा वर काढायचं, हा कारभार कुणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे. विहीर तहानलेली, घटकाभर उशीर झाला तर अर्धं पाणी तीच पिऊन टाकायची. म्हणून सगळ्या बाया एकदम तुटून पडत. पदर कमरेला खोचलेला, साडी वर ओढलेली, डोक्यावर काही नाही. समोर लिंबाच्या पारावर पुरुष बसलेले असत. ते तिथं कशाला बसतात, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. सावली तिथं होती, एवढं उत्तर सगळ्यांना पुरत होतं.

घरात खंडेरावाची रीत मोठी चोख. सून सत्यशीला, पाचोडची लेक, लग्न होऊन आली तेव्हापासून उंबऱ्याबाहेर थांबून खाकरल्याशिवाय तो आत गेला नव्हता. तो खाकरला की आत बांगड्या वाजायच्या, पदर डोक्यावर यायचा, आणि मगच त्याचं पाऊल आत पडायचं. सासरा-सून एकमेकांशी थेट बोलत नसत. काय सांगायचं ते त्याची बायको राजाबाई हिच्यामार्फत. वस्तीवरच्या बाया म्हणायच्या, सासरा असावा तर असा. खंडेरावाला ते ऐकू यायचं आणि आवडायचंही.

पण आदल्या उन्हाळ्यात या घराला एक दणका बसला होता. मुलगा रामेश्वर शेंद्र्याला कंपनीत पाळीवर जायचा. एक दिवस कँटीनमध्ये पोरं मोबाइलभोवती जमून हसत होती. विहिरीवर वाकलेल्या बायांचा व्हिडिओ होता, बसल्या जागेवरून चोरून घेतलेला, आणि वर एक पाचकळ गाणं चिकटवलेलं. रामेश्वरही वाकून बघायला लागला, हसायलाही लागला, आणि मग त्याला पिवळी साडी ओळखू आली. ती त्यानंच घेतलेली होती. व्हिडिओत सत्यशीला मागं वळून हसत होती.

घरी येऊन त्यानं तिला एकच विचारलं, "कुणाकडं बघून हसलीस?"

"विहिरीवर भागूबाई कायतरी बोलली, म्हणून हसले," ती म्हणाली.

ते त्याच्या गळी उतरलं नाही. मोबाइल धरणारा कोण, हे बायकोला ठाऊक असणारच, असं त्याच्या डोक्यात जाऊन बसलं. शेवटी तो बापाला म्हणाला, "आबा, पुन्हा असं काय निघालं तर मी तिला पाचोडला नेऊन सोडीन. आन आणायला जाणार नाय."

खंडेरावाच्या काळजाला तेव्हापासून घोर लागला. सून त्याला लेकीच्या जागी होती. ती गेली तर घर उठलं, हे त्याला दिसत होतं. व्हिडिओ काढणाऱ्याला हुडकायचाच, असं त्यानं मनाशी धरलं. आधी टँकरच्या ड्रायव्हरवर संशय घेतला, मग रस्त्याचं काम करणाऱ्या ठेकेदाराच्या पोरांवर, मग दूध न्यायला येणाऱ्यावर. सगळे बाहेरचे. पारावरचा कडुबा या कामात त्याचा उजवा हात होता. कडुबा म्हणजे लहानपणापासूनचा जोडीदार, गळ्यात मोबाइलची पिशवी अडकवून दिवसभर भजनं ऐकणारा माणूस. "खंडेराव, आपल्या आयाबहिणींवर नजर ठिवणाऱ्याचे डोळे काढले पायजेत," असं तोच सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा.

आणि अशा वस्तीवर सायली आली, स्कूटीवरून, पाठीला कॅमेरा आणि तीन पायांचा स्टँड घेऊन.

पोरगी परकी नव्हती, हीच अडचण होती. शेजारच्या गावच्या तात्यासाहेबांची ती नात. तात्यासाहेबांच्या रानात खंडेरावाच्या बापाची मेंढरं खतासाठी बसायची, त्यांच्या घरची भाकरी या घरानं खाल्लेली. तोंडावर नाही म्हणायची सोय नव्हती. शहरात राहून ती व्हिडिओ करायची.

"पाण्यावर करतेय, बाबा," ती म्हणाली.

"सिनेमा?"

"सिनेमा नाही. भिंतीवर दाखवतात. त्यात गाणी नसतात, गोष्टही नसते."

खंडेरावाचे कान टवकारले. गाणी नाहीत, गोष्ट नाही, मग माणसं बघतात काय? पाणी कुठंतरी मुरतंय, हे त्यानं तिथंच ओळखलं. त्यानं सांगून टाकलं, काय काढायचं ते माझ्यासमोर, आणि कॅमेऱ्यात काय दिसतं ते मी आधी बघणार.

दुसऱ्या दिवशी सायलीनं स्टँड विहिरीजवळ मांडला. खंडेरावानं तिच्या कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात डोकावून बघितलं. बायांचे हात, दोर, वाकलेल्या पाठी. भागूबाई कुणावर तरी ओरडत होती आणि सत्यशीलाची उघडी मान घामानं चमकत होती. खंडेरावाचं डोकं भणाणलं. त्यानं सरळ कॅमेऱ्याला हात घातला आणि तो गरकन उलटा फिरवला. आता बाया कॅमेऱ्याच्या पाठीमागं गेल्या. पडद्यात राहिला लिंब, पार आणि पारावरची माणसं.

"इकडं तोंड ठिव याचं. बायांकडं फिरला तर विहिरीत टाकीन."

पारावरचे हसले. कडुबा म्हणाला, "आमचा काढ ना फोटू. आमच्यात बघण्यासारखं हाय काय?"

सायलीला राग येईल, ती रडेल, आजोबांचं नाव सांगेल, असं खंडेरावाला वाटलं होतं. तिनं पडद्यात वाकून नीट बघितलं. मग म्हणाली, "राहू द्या असाच. पण मी रोज येणार."

"ये की. आमी हावंत."

जिंकल्यासारखं वाटून तो पारावर जाऊन बसला, कडुबाच्या खांद्याला खांदा लावून. तिथून कॅमेराही समोर दिसायचा आणि विहीरही. पहाऱ्याला याहून चांगली जागा नव्हती. पण संध्याकाळ व्हायच्या आत संशयाचा किडा पुन्हा वळवळायला लागला. पोरगी इतक्या लवकर कबूल कशी झाली? रिकामटेकड्या माणसांचे फोटो घ्यायला शहरातून रोज पेट्रोल जाळून कोण येतं? दुसरा कॅमेरा तर नसेल लपवलेला? त्यानं एकदा तिची पिशवीच उलटी करायला लावली. पाण्याची बाटली, टोपी आणि अर्धा खाल्लेला बिस्किटांचा पुडा निघाला. सायलीनं सगळं पुन्हा आत भरलं.

ती येतच राहिली. पारावरचे पहिल्यांदा केस विंचरून, टोप्या सरळ करून बसले. मग कंटाळले. मग कॅमेरा विसरले. खंडेराव तेवढा विसरला नाही. डोळ्यांत तेल घालून तो त्या काळ्या भिंगाकडं बघत बसायचा, ते इंचभरही वळू नये म्हणून.

एक दिवस त्यानं बघितलं, सायलीनं सत्यशीलाला हात करून बोलावलं. सुनेनं हंडा खाली ठेवला, कॅमेऱ्याच्या पडद्यात वाकून बघितलं, आणि बघता बघता पदर तोंडावर धरला. दोघींत काहीतरी कुजबुज झाली. सत्यशीला परत विहिरीवर गेली. त्या दिवसापासून तिचं वागणं बदललं. आधी ती झपाझप दोर ओढून सगळ्यांत आधी घरी जायची. आता सावकाश शेंदायला लागली. काठावरून हलेना.

रामेश्वरचं खरं असलं तर? सुनेचं या पोरीशी काही ठरलंय का? त्यानं राजाबाईला आत पाठवलं, आणि स्वतः भिंतीला कान लावून अंगणात उभा राहिला.

"काय दावलं गं तिनं तुला?" राजाबाईनं विचारलं.

"काय नाय, आत्या," आतून सत्यशीलाचा सपाट आवाज आला. "झाड हाय, पार हाय. कडुबा आन मामा बसलेत."

"मग तोंडाला पदर कामून लावला?"

"ऊन लागलं."

खरं बोलत होती, पण त्यातलं निम्मं गिळून. एवढं त्याला कळलं. निम्मं काय, ते कळलं नाही. तो खाकरला, आतल्या बांगड्या वाजल्या आणि बोलणं संपलं.

उन्हाळा सरता सरता सायलीनं निरोप आणला. शहरात क्रांती चौकाच्या मागं एका जुन्या छापखान्याच्या हॉलमध्ये व्हिडिओ लागणार, वस्तीनं बघायला यावं, काळीपिवळी जीप ती पाठवेल. बाया हरखल्या. सत्यशीला तर सकाळीच आवरून बसली, तीच पिवळी साडी नेसून. व्हिडिओ फिरल्यापासून ती साडी ट्रंकेत पडून होती. खंडेरावाचा संशय साडी बघून दुप्पट झाला. रामेश्वर पहिल्या पाळीला गेलेला. जाताना तो बापाला म्हणाला होता, "ती त्यात दिसली तर मला सांगा. खरं सांगा." म्हणून खंडेरावाला जाणं भाग होतं. कडुबा काही आला नाही. "आपलीच थोबाडं बघायला शहरात कोण जाईल," म्हणाला.

हॉलच्या खिडक्यांना काळं कापड लावलं होतं. भरदुपारी आत अंधार. बाया मागच्या रांगांत बसल्या, आणि खंडेराव एकटा सगळ्यांच्या पुढं, भिंतीसमोर, चुकून काही दिसलंच तर उठून आडवं उभं राहता यावं म्हणून. तसं त्यानं मनाशी ठरवूनच ठेवलं होतं.

भिंत उजळली. लिंब आला, पार आला, पारावरची माणसं आली, खऱ्या माणसांहून मोठी. खंडेरावानं सुटकेचा श्वास टाकला. एकही बाई नाही. त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मग आवाज आला. विहिरीचा. कॅमेरा उलटा फिरवला होता, पण कान कुठं फिरवता येतात? दोर घासल्याचा, पोहरा दगडावर आपटल्याचा, पाणी हंड्यात पडल्याचा आवाज. हा भिंतीमागून नाही, बायांच्या पाठीमागून यायला लागला, जणू विहीर हॉलच्या दाराशी आहे. आणि मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली, कारण बायांना आवाज ओळखू येत होते. "ही मी," भागूबाई म्हणाली. भिंतीवरच्या सगळ्या माना एकदम एका बाजूला वळल्या. "आता जाऊ आली बघ माझी." माना पुन्हा वळल्या. कुणाचा पोहरा वाजला की कुणाचे डोळे कुठं जातात, कुठं थांबतात, कुणाच्या ओठांवरून जीभ फिरते, सगळं भिंतीएवढं मोठं. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाया वस्तीतल्या पुरुषांकडं डोळे भरून बघत होत्या, आणि नजर खाली करा म्हणणारं कुणी नव्हतं. हळूहळू त्यांची कुजबुज थांबली.

चित्र बदललं. आता भिंतीवर दोघंच होते, कडुबा आणि खंडेराव, खांद्याला खांदा लावून. भिंतीवरचा खंडेराव थेट समोर बघत होता, म्हणजे कॅमेऱ्याकडं. ताठ, डोळे रोखलेले. बघा, हॉलमधल्या खंडेरावाच्या मनात आलं, पहारा कसा करतात ते बघा.

तेवढ्यात पाठीमागं बांगड्या वाजल्या. काचेच्या, गच्च भरलेल्या, दोराच्या प्रत्येक ओढीला वाजणाऱ्या. रोज तो दारात खाकरला की आतून यायचा तोच आवाज.

भिंतीवरच्या खंडेरावाचे डोळे कॅमेऱ्यावरून सुटले. बाजूला गेले, खाली गेले, आणि तिथंच राहिले. बांगड्या वाजत होत्या, डोळे हलत नव्हते. सुनेचा पदर घसरू नये, कुणी बघू नये, म्हणून तो बघत होता. त्याला तसंच आठवत होतं, अगदी शपथेवर. पण भिंतीवर ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. भिंतीवर एका म्हाताऱ्याचं तोंड थोडं उघडं पडलेलं होतं, आणि ते तोंड मघाच्या दहाजणांच्या तोंडासारखंच होतं. खंडेरावानं त्यात स्वतःला वेगळं काढायचा प्रयत्न केला. कळपातलं एक कोकरू न मोजता ओळखणाऱ्या माणसाला ते जमलं नाही.

"आगं बया," भागूबाई मागून म्हणाली, "त्यो मोबाइल बघ."

तेव्हा त्याला दिसलं. भिंतीवरच्या कडुबानं पिशवीतून मोबाइल काढून गुडघ्यावर उभा धरला होता. भजन ऐकणारा माणूस मोबाइल असा धरत नाही. भिंग विहिरीकडं, अंगठा हळूच हललेला, मान मात्र दुसरीकडं. मागच्या सालचा व्हिडिओ ज्या बसल्या जागेवरून निघाला होता, ती जागा हीच. आणि तो मोबाइल खंडेरावाच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होता. पहाऱ्याला बसलेल्या खंडेरावाला तो दिसला नव्हता, कारण त्याचे डोळे त्या वेळी दुसरीकडं गुंतले होते.

झाड हाय, पार हाय, कडुबा आन मामा बसलेत. सून तेव्हाच सगळं सांगून मोकळी झाली होती. तिनं नुसतं कडुबाचं नाव घेतलं असतं तर कुणी मानलं नसतं. ऐकणाऱ्यांत पहिला खंडेरावच कडुबाच्या बाजूनं उभा राहिला असता. म्हणून ती विहिरीवर सावकाश शेंदत थांबली होती, पारावरचं सगळं कॅमेऱ्यात नीट यावं म्हणून.

भिंतीवरचे डोळे अजून तिथंच होते. बांगड्या अजून वाजत होत्या. आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून, अंधारातून, कुणीतरी खाकरलं.

खोकला नव्हता तो. उंबऱ्याबाहेर थांबून, आतल्या माणसाला सावध करायला खाकरतात, तसं. खंडेराव स्वतः जसा रोज खाकरायचा, अगदी तसं. वळून न बघताही ते कोण, हे त्याला कळलं. त्याचा हात आपोआप खांद्यावर गेला. उपरणं ओढून त्यानं डोक्यावर घेतलं, मग कपाळावर, मग तोंडावर, आणि व्हिडिओ संपेपर्यंत तो तसाच बसून राहिला.

परत येताना तो काळीपिवळीत ड्रायव्हरशेजारी बसला. मागं बाया एकमेकींशी हळू आवाजात बोलत होत्या, आणि कडुबाचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं. त्याचं स्वतःचं नाव आलं नाही. ते यायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

रामेश्वर पाळीवरून येऊन अंगणात बाजेवर बसला होता. बायकोच्या अंगावरची पिवळी साडी बघून त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. सत्यशीला त्याच्यासमोरून गेली आणि दारातच उभी राहिली. पदर खांद्यावर होता. तिनं तो डोक्यावर घेतला नाही.

"काय आबा," रामेश्वर म्हणाला, "दिसली का ही?"

"नाय."

"आजिबात नाय?"

"एकदाबी नाय. एकबी बाई नव्हती त्यात." खंडेराव उभाच होता. "मागच्या साली ज्यानं काढला त्यो घावला. कडुबा. मोबाइल गुडघ्यावर धरून बसला व्हता, समद्या बायांनी बघितलं. ही भागूबाईच्या बोलण्यावरच हसली व्हती. खोटी नव्हती ती."

रामेश्वर खाली बघायला लागला. मग त्यानं मान वर केली. बापाच्या नजरेतून काही सुटत नाही, हे त्यानं लहानपणापासून ऐकलेलं होतं.

"पर कडुबा तर रोज तुमच्याच शेजारी बसतो," तो म्हणाला. "तुमी काय करत व्हते?"

खोटं बोलायला जागा होती. डुलकी लागली म्हणता आलं असतं, ऊन डोळ्यांवर होतं म्हणता आलं असतं. खंडेरावानं दाराकडं मान वळवली नाही. सून तिथं उभी आहे आणि ऐकते आहे, हे त्याला ठाऊक होतं.

"बघत व्हतो," तो म्हणाला. "मीबी बघत व्हतो."